इस्राएलाचे राजे देवाशी बेइमान झाले तेव्हा काय घडले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शमुवेल, राजे आणि इतिहास ही पुस्तके वाचताना मंडळीतून, तरुणांच्या अभ्यासवर्गातून आणि नुकतेच बायबल हाती घेतलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. या राजांवर आकाशातून वीज पडली, असे फारसे दिसत नाही. देवाला सोडून त्यांनी ज्याच्यावर भिस्त ठेवली, बहुतेकांना त्याच्याच हातून मार बसला. आणि तो मार एकट्या राजाने कधीच खाल्ला नाही.

देवाशी अविश्वासूपणा म्हणजे फक्त मूर्तिपूजा का?

नाही. मूर्तिपूजा त्यात येतेच, पण तेवढ्यावर थांबलो तर अर्ध्याहून जास्त गोष्टी कळणारच नाहीत.

बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात राजासाठी नियम दिले आहेत. त्याने फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोन्यारुप्याचे ढीग साठवू नयेत. घोडे म्हणजे त्या काळचे सैन्यबळ. बायका म्हणजे पुष्कळदा शेजारच्या दरबारांशी केलेले तह. सोने म्हणजे सोने. यानंतर एक गोष्ट करायला सांगितली आहे: नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर रोज वाचावी, म्हणजे आपल्या भाऊबंदांपेक्षा आपण मोठे आहोत असे त्याला वाटणार नाही.

म्हणजे राजा हा देवाच्या कराराखालचा माणूस आहे. तो करार मोडण्याच्या वाटा अनेक आहेत. परक्या दैवतापुढे वाकणे ही एक. गरिबाची जमीन बळकावणे, देवाच्या नावाने घेतलेली शपथ मोडणे, संकटात परक्या सम्राटाच्या पायाशी लोळण घेणे, याजकाचे काम स्वतःकडे ओढणे, याही तशाच. संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारी माणसे, या सगळ्यांना एकाच रांगेत बसवतात.

इस्राएलाचा पहिला राजा शौल याने एक यज्ञ केला, थोडी मेंढरे वाचवली. एवढ्यावरून राज्य काढून घेणे जरा जास्तच नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. गिलगालात त्याने शमुवेल संदेष्ट्याची सात दिवस वाट पाहिली, सैन्य पांगत होते, समोर पलिष्टी होते. शेवटी त्याने स्वतःच होमबली अर्पण केला आणि तो आटोपतो न आटोपतो तोच शमुवेल येऊन उभा राहिला. वाचताना शौलाची कीव येते.

पण १ शमुवेल १५ नीट वाचा. अमालेक्यांच्या लढाईत काहीच राखून ठेवू नये अशी आज्ञा होती. तरी लढाईनंतर त्याने राजा अगागला आणि चांगली चांगली जनावरे राखून ठेवली, आणि वाटेत स्वतःसाठी एक स्मारकही उभारले. मग शमुवेलाला सामोरा जाऊन म्हणाला, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. शमुवेलाने विचारले, मग ही मेंढरे कशी ओरडताहेत? त्यावर शौल लोकांकडे बोट दाखवतो. लोकांनी ठेवली, आणि तीही यज्ञासाठीच. अखेर ‘मी पाप केले’ असे म्हणतो खरा, पण लगेच पुढची विनंती अशी की वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख.

त्याच्या जिवाला लागून राहिले होते ते हेच. लोक काय म्हणतील? माझा मान राहील का? या भीतीने पुढे त्याला आतून पोखरले. पुढे राजा झालेला दावीद तेव्हा त्याच्या पदरी होता; त्याचे कौतुक शौलाला सोसेना. दावीदाला आसरा दिला म्हणून त्याने नोब येथल्या ८५ याजकांना मारवले. शेवटी, ज्या चेटकिणींना त्यानेच देशाबाहेर घालवले होते, त्यांच्यातल्या एकीकडे तो एन-दोरला रात्री वेष पालटून गेला. दुसऱ्या दिवशी गिलबोवाच्या डोंगरावर तो आणि त्याचे तीन मुलगे पडले. पलिष्ट्यांनी त्याचे धड बेथ-शानच्या भिंतीवर टांगले. याबेश-गिलादच्या माणसांनी रातोरात जाऊन ते उतरवून आणले, कारण शौलाने राजा झाल्यावर पहिल्यांदा त्यांचेच गाव वाचवले होते. ही ओळख त्या गावाने ठेवली, हे मला नेहमी सांगावेसे वाटते.

दावीदाचे पाप तर शौलाहून मोठे. व्यभिचार आणि वर खून. मग त्याचे घराणे कसे टिकले?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचे उत्तर एका वाक्यात देणाऱ्याने दुसरा शमुवेल पूर्ण वाचला आहे का, अशी मला शंका येते.

दावीदाने आपला शिपाई उरीया याची बायको बथशेबा हिच्याशी व्यभिचार केला आणि मग उरीयाला लढाईत मारवले. तरी शौल आणि दावीद या दोघांत एक फरक स्पष्ट आहे. नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, दावीद संतापला, ‘त्याने ती चौपट भरून द्यावी’ म्हणाला, आणि नाथानाने बोट रोखले: तो माणूस तूच. यावर दावीद कोणाकडे बोट दाखवत नाही. मी परमेश्वराविरुद्ध पाप केले, एवढेच बोलतो. पुढे पण-बिण नाही. मान राखायची विनंती नाही. नाथान तिथल्या तिथे सांगतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस.

मात्र क्षमा झाली म्हणून परिणाम टळले नाहीत. तलवार तुझ्या घरातून हटणार नाही, असेही नाथान म्हणाला होता. आता ही तलवार घरात शिरली कशी, ते पाहा. बथशेबेचे बाळ सातव्या दिवशी गेले. थोरला मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. दावीदाला ते कळले, तो फार रागावला, आणि पुढे काहीच केले नाही. का केले नाही, हे पुस्तक सांगत नाही. मला वाटते, ज्या बापाने परक्याची बायको उचलून आणली होती, त्याच्या तोंडून मुलाला बोल लावायला शब्द फुटेना. तामारेला न्याय मिळाला नाही. दोन वर्षे गिळलेला राग तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाचा खून करून बाहेर काढला. मग तोच अबशालोम बापावर उलटला, आणि ज्या राजवाड्याच्या गच्चीवरून दावीदाने बथशेबेला पाहिले होते, त्याच गच्चीवर तंबू ठोकून बापाच्या उपपत्नींची साऱ्यांदेखत विटंबना केली. अबशालोमाला मारले ते योवाबाने. उरीयाला मरणाच्या तोंडी देण्याचे पत्र दावीदाने ज्या सेनापतीला लिहिले होते, तोच हा योवाब. ज्याच्या हातात तसले पत्र आहे, त्या माणसावर राजाची हुकमत किती चालणार?

घराणे टिकले ते देवाने दावीदाला दिलेल्या वचनामुळे. दावीद निर्दोष होता म्हणून नव्हे. आणि या सगळ्यात तामार, उरीया आणि ते बाळ यांचा काय गुन्हा होता, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला गप्प करू नये.

दावीदाचा मुलगा शलमोन तर सर्वांत शहाणा. तो कसा घसरला?

हळूहळू. अनुवादातले ते तीन नियम समोर ठेवून १ राजे १० आणि ११ वाचा. वर्षाकाठी ६६६ किक्कार (वजनाचे एक मोठे माप) सोने येत होते. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, घोडे आणि रथ येत होते. ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी होत्या. तिन्ही नियम पार मोडले, आणि लोकांना ही भरभराट वाटत होती.

म्हातारपणी त्याचे मन वळले, असे पुस्तक म्हणते. राण्यांच्या दैवतांसाठी, मवाबाच्या कमोशासाठी, अम्मोन्यांच्या मिलकोमासाठी, सीदोन्यांच्या अष्टोरेथेसाठी त्याने यरुशलेमेच्या पूर्वेच्या डोंगरावर पूजास्थाने बांधली. ती योशीया राजाने मोडली. दोघांमध्ये सुमारे ३०० वर्षे गेली. मधल्या काळात हिज्कीयासारखा सुधारक राजा होऊन गेला, तरी ती उभीच राहिली. शलमोनाने बायकांची मर्जी राखण्यासाठी बांधलेली गोष्ट त्याच्या वंशजांच्या दहा-पंधरा पिढ्यांनी मंदिरासमोरच्या डोंगरावर रोज पाहिली.

राज्य फुटले ते देवाने शिक्षा दिली म्हणून, की कर आणि वेठबिगारीला लोक कंटाळले म्हणून?

दोन्ही, आणि पुस्तक ही दोन्ही कारणे शेजारी शेजारी ठेवते. अहीया संदेष्ट्याने आपल्या नव्या झग्याचे १२ कुळांसाठी १२ तुकडे केले आणि १० शलमोनाचा अधिकारी यराबाम याला दिले. हा देवाचा निर्णय. दुसरीकडे शखेम येथे जमलेले लोक शलमोनाचा मुलगा रहबाम याला एवढेच सांगत होते की तुझ्या बापाने आमच्यावर जड जू ठेवले, ते हलके कर. शलमोनाने मंदिराच्या लाकडांसाठी इस्राएलातली ३०,००० माणसे वेठीला धरून पाळीपाळीने लबानोनात पाठवली होती. रहबामाने म्हाताऱ्यांचा सल्ला झिडकारला, बरोबरीच्या तरुणांचे ऐकले, आणि बापाने चाबकाने मारले, मी विंचवांनी मारीन, असे उत्तर दिले. वर वेठबिगारीच्या अधिकाऱ्यालाच लोकांसमोर पाठवले. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले आणि राजा रथात बसून पळाला. हे साधारण इ.स.पू. ९३०चे. उत्तरेच्या कुळांनी यराबामाला राजा केले, ते इस्राएलाचे राज्य; दक्षिणेत दावीदाच्या घराण्याकडे उरले ते यहूदाचे, राजधानी यरुशलेम.

त्यानंतरचा एक प्रसंग फार थोडे लोक लक्षात ठेवतात. रहबामाच्या पाचव्या वर्षी मिसरचा राजा शिशक यरुशलेमेवर चालून आला. त्याच्या या मोहिमेत जिंकलेल्या गावांची यादी मिसरातल्या कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेली आहे. त्याने मंदिराचा आणि राजवाड्याचा खजिना लुटला, शलमोनाने केलेल्या सोन्याच्या ढालीही नेल्या. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या करून घेतल्या. राजा मंदिरात जायला निघाला की पहारेकरी त्या पितळी ढाली काढून मिरवत, आणि तो परतला की पुन्हा पहारेकऱ्यांच्या खोलीत ठेवून देत. मिरवणूक तीच, थाट तोच. फक्त सोने गेले होते, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होते.

यराबामाच्या सोन्याच्या वासरांचे एवढे काय मोठे?

उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक राजाच्या नावापुढे ‘तो यराबामाच्या पापांतून निघाला नाही’ असा शेरा येतो, म्हणून हा प्रश्न पडतो. यराबामाला देवाने स्वतःहून वचन दिले होते: माझ्या वाटेने चाललास तर तुझे घराणेही टिकवीन. पण त्याला भीती वाटली की लोक सणाला यरुशलेमेला जात राहिले तर त्यांचे मन रहबामाकडे वळेल आणि ते मला मारतील. म्हणून बेथेल आणि दान येथे पूजेसाठी सोन्याची वासरे बसवली, लेवी कुळातले नसलेले याजक नेमले, सणाची तारीखही बदलली. गादी वाचवण्यासाठी देवधर्म वापरला. ती वाचली का? त्याचा मुलगा नादाब गादीवर जेमतेम दोन वर्षे टिकला आणि बाशाने सगळे घराणे कापून काढले. पुढे बाशाच्या घराण्याचे तेच झाले. ते संपवणारा जिम्री सात दिवस राजा होता आणि आठव्या दिवसाची वेळ येण्याआधी तिरसातला राजवाडा स्वतःवर पेटवून मेला. दोनशे वर्षांत उत्तरेत नऊ घराणी झाली. दक्षिणेत मात्र एकच राहिले.

उत्तरेचा राजा अहाब सर्वांत वाईट का मानला जातो? बआलाच्या पूजेमुळे?

बआल हे परके दैवत होतेच. सीदोनी राजाची मुलगी ईजबेल घरात आली, उत्तरेची राजधानी शोमरोन इथे बआलाचे देऊळ झाले, पाऊस तुटला, कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्टा एकटा बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर उभा राहिला. हे सगळ्यांना माहीत असते. अहाबाचा निकाल मात्र कर्मेलावर लागला नाही. तो लागला एका द्राक्षमळ्यात.

नाबोथाचा मळा इज्रेलात राजवाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. बदली चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तो तयार होता. वरवर पाहता सौदा वाईट नव्हता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकायची वेळ आली की घरात काय होते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. इस्राएलात त्यावर आणखी एक गोष्ट होती: जमीन देवाची, आणि प्रत्येक कुळाला ती त्याने वाटून दिलेली. म्हणून नाबोथाचा नकार ही देवावरची निष्ठा होती.

राजा घरी आला, तोंड फिरवून अंथरुणावर पडला, जेवेना. ईजबेल म्हणाली, इस्राएलाचे राज्य तूच करतोस ना? तिने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्याची मोहर लावली आणि गावच्या वडीलधाऱ्यांना पाठवली. उपास जाहीर करा, नाबोथाला मानाच्या जागी बसवा, समोर दोन भाडोत्री साक्षीदार बसवा. आरोप काय? त्याने देवाला आणि राजाला शाप दिला. म्हणजे देवाचे नाव घेऊन, उपास धरून, कायद्याने सांगितलेले दोन साक्षीदार उभे करून एका निष्ठावंत माणसाला दगडमार झाला. एकाही वडीलधाऱ्याने हूं की चूं केले नाही. सगळे कागदोपत्री व्यवस्थित होते.

अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उतरला, तर तिथे एलीया उभा. खून करून वर मालमत्ताही घेतलीस का, हा त्याचा सवाल. अहाबाने गोणपाट नेसून पश्चात्ताप केला तेव्हा देवाने घराण्यावरचे अरिष्ट एक पिढी पुढे ढकलले. असल्या राजाचे झुकणेही देवाने पाहिले, हे विसरू नये. पण पुढे रामोथ-गिलादला तो वेष पालटून लढायला गेला, आणि कोणा शिपायाने नेम न धरता सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात घुसला. संध्याकाळपर्यंत त्याला रथात टेकवून उभे ठेवले होते. त्याच्या मुलाचे प्रेत, बंड करून राजा झालेल्या येहूने नाबोथाच्याच जमिनीत फेकायला लावले, आणि ईजबेल इज्रेलातल्या खिडकीतून खाली ढकलली गेली.

हे राजे खरेच होऊन गेले का?

अनेकांची नावे शेजारच्या देशांच्या कोरीव लेखांत आहेत. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कर येथे अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्याविरुद्ध लढलेल्यांत इस्राएलाचा अहाब २,००० रथ आणि १०,००० पायदळासह होता, अशी अश्शूरी नोंद आहे. येहू खंडणी देताना ‘काळ्या स्तंभा’वर कोरला आहे. १८६८ मध्ये सापडलेल्या मवाबी शिलालेखात अहाबाचा बाप अम्री याचे नाव आहे. १९९३ मध्ये तेल दान येथे सापडलेल्या शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख आहे.

यातून एक गोष्ट लक्षात येते. अम्री इतका बलाढ्य होता की त्याचा वंश संपल्यावरही अश्शूरी लोक इस्राएलाला त्याच्या घराण्याच्या नावाने ओळखत राहिले. राजांच्या पुस्तकाने त्याला मोजून काही ओव्या दिल्या: टेकडी विकत घेतली, शोमरोन वसवले, परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते केले. अहाबाची कर्करची लढाई तर पुस्तकात नाहीच. नाबोथाला मात्र पूर्ण अध्याय आहे. कोण किती मोठा हे मोजायची या पुस्तकाची फूटपट्टीच निराळी आहे.

उज्जीयाला कोड उठले, आसाचे पाय दुखावले. म्हणजे आजार हा पापाचा दंड का? आणि डॉक्टरकडे जाणे हे अविश्वासाचे लक्षण का?

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे, आणि हे मी जोर देऊन सांगतो, कारण या ओव्या फेकून मारल्याने आजारी माणसे दुखावलेली मी पाहिली आहेत.

यहूदाचा राजा उज्जीया याने ५२ वर्षे राज्य केले, विहिरी खणल्या, शेतीची त्याला आवड होती, सैन्य मजबूत केले. बळ वाढले तसा तो गर्वाने फुगला आणि धूप जाळायला थेट मंदिरात शिरला. याजक अजऱ्या ८० याजकांना घेऊन आडवा आला. राजा हातात धुपाटणे घेऊन त्यांच्यावर संतापत असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. यहूदाचाच राजा आसा याने तरुणपणी देवावर भरवसा ठेवून मोठी लढाई जिंकली होती. म्हातारपणी मात्र मंदिरातले सोनेरुपे देऊन अरामच्या राजाला विकत घेतले, आणि चूक दाखवणाऱ्या हनानी द्रष्ट्याला खोड्यात घातले. पायाच्या दुखण्यात त्याने देवाला विचारलेच नाही, फक्त वैद्यांना विचारले, हा पुस्तकाचा आक्षेप त्याच सवयीबद्दल आहे. वैद्याकडे गेल्याबद्दल नाही. हिज्कीया आजारी पडला तेव्हा यशया संदेष्ट्यानेच त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला सांगितले होते.

एका राजाबद्दल संदेष्ट्याने किंवा पुस्तकाने जे सांगितले, ते आपल्या शेजारच्या रुग्णाबद्दल सांगायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. निर्दोष असून आजाराने गांजलेल्या ईयोबाच्या मित्रांनी तेच केले आणि देव त्यांच्यावर रागावला. कोड किंवा कुष्ठरोग असलेल्या माणसाकडे या गोष्टीच्या चष्म्यातून पाहणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

यहूदाच्या राजांत मनश्शे सर्वांत वाईट, तरी त्याने ५५ वर्षे राज्य केले. योशीया सर्वांत चांगला, तो ३९व्या वर्षी लढाईत मेला. हा कुठला न्याय?

हिशेब इतका सरळ असता तर ईयोबाचे पुस्तक लिहावेच लागले नसते. मनश्शेने स्वतःच्या मुलाला अग्नीत होमले, मंदिरात परक्या वेद्या बांधल्या, यरुशलेम निरपराध रक्ताने भरून टाकले. राजांच्या पुस्तकात त्याच्या पश्चात्तापाचा शब्द नाही, आणि यहूदाच्या नाशाचा मोठा दोष त्याच्यावर आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात मात्र अश्शूरी सरदारांनी त्याला बेड्या घालून बाबेलला नेले, तिथे तो नम्र झाला आणि देवाने त्याला परत आणले. एक पुस्तक पुढे बाबेलच्या बंदिवासात बसलेल्यांना सांगते की आपले राष्ट्र इथपर्यंत कसे आले. दुसरे परत आलेल्यांना सांगते की सर्वांत वाईट माणसालाही परतीची वाट होती. दोन्ही जपून ठेवली आहेत, ती जबरदस्तीने एक करू नयेत.

योशीयाने मंदिराच्या डागडुजीत सापडलेले नियमशास्त्र ऐकून वस्त्रे फाडली. हुल्दा संदेष्ट्रीने सांगितले की अरिष्ट येणार, पण तुझ्या डोळ्यांदेखत नाही. इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला फारो नखोने त्याला मारले. चांगल्या राजाच्या अकाली मृत्यूचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही, आणि ज्यांच्यापाशी ते झटकन तयार असते त्यांचे मला पटत नाही.

भिस्त चुकीच्या जागी ठेवली आणि तिथूनच मार बसला, याचे ठळक उदाहरण कोणते?

यहूदाचा राजा आहाज. अराम आणि उत्तर इस्राएल मिळून त्याच्यावर चालून आले, तेव्हा यशया त्याला सांगत होता की घाबरू नकोस, ही दोन विझत आलेली कोलिते आहेत. आहाजाने मंदिरातले सोनेरुपे उचलून अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरला पाठवले आणि म्हणाला, मी तुझा दास, तुझा पुत्र. अश्शूर आला, इ.स.पू. ७३२ मध्ये अरामची राजधानी दिमिष्क पाडली. आहाज भेटीला तिकडे गेला, तिथली वेदी त्याला आवडली, तिचा नकाशा यरुशलेमेला पाठवून तशीच बांधून घेतली, आणि परमेश्वराची पितळी वेदी बाजूला सरकवली. अश्शूर मात्र परत गेला नाही. आहाजाच्या मुलाच्या काळात, इ.स.पू. ७०१ मध्ये, अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदातली ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे स्वतः कोरून ठेवले. हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले, असेही. यरुशलेम तेव्हा वाचले.

त्याच हिज्कीयाने बाबेलच्या वकिलांना हौसेने सारी भांडारे दाखवली. यशया म्हणाला, हे सगळे एक दिवस बाबेलला जाईल.

बापाच्या पापाची शिक्षा मुलांना देणे देवाला शोभते का?

बंदिवासातल्या लोकांनी हाच प्रश्न यहेज्केल संदेष्ट्याला विचारला होता: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मात्र मुलांचे आंबले. यहेज्केलाचे उत्तर १८व्या अध्यायात आहे. जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाचा दोष वाहणार नाही. राजांपैकी अमस्याने ही गोष्ट एकदा पाळलीही: बापाच्या मारेकऱ्यांना त्याने देहदंड दिला, पण नियमशास्त्रानुसार त्यांच्या मुलांना हात लावला नाही.

दोष आणि परिणाम यांत मी फरक करतो. आहाजाचा दोष हिज्कीयाचा नव्हता. पण आहाजाने बोलावलेला अश्शूर हिज्कीयाच्या दारात उभा होता.

शेवटी यरुशलेम पडले ते नेमके कशामुळे?

शोमरोन इ.स.पू. ७२२च्या सुमारास पडले. अश्शूरी लेखानुसार २७,००० हून अधिक लोक तिथून हलवले गेले. २ राजे १७ मध्ये त्याची कारणमीमांसा आहे. यरुशलेमेला आणखी सुमारे १३५ वर्षे मिळाली, आणि ती वर्षे कशी गेली हे शेवटच्या दोन प्रसंगांतून कळते.

यहूदाचा राजा यहोयाकीम हिवाळ्यात, नवव्या महिन्यात, शेगडीपुढे बसला होता. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहिलेली गुंडाळी त्याच्यापुढे वाचली जात होती. तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि निखाऱ्यांवर टाकी. सगळी गुंडाळी अशी संपली. त्याच्या बापाने, योशीयाने, असेच शब्द ऐकून वस्त्रे फाडली होती. इथे कोणी वस्त्रे फाडली नाहीत. यिर्मयाने सगळे पुन्हा लिहवून घेतले आणि वर आणखी भर घातली.

सिद्कीया शेवटचा. तो दुष्टापेक्षा दुबळा वाटतो. यिर्मयाला चोरून भेटायचा, सल्ला विचारायचा, आणि सरदारांच्या भीतीने पाळायचा नाही. बाबेलच्या राजाशी देवाच्या नावाने घेतलेली शपथ त्याने मोडली. यहेज्केल याला थेट देवाशी विश्वासघात म्हणतो, शपथ परक्या सम्राटाशी असली तरी. बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला तेव्हा त्याने सगळ्यांकडून वचन घेऊन हिब्रू दासदासींना मुक्त केले. मिसरी सैन्याच्या बातमीने वेढा तात्पुरता उठला, आणि लोकांनी सोडलेल्या दासांना पुन्हा धरून आणले. यिर्मया ३४ वाचताना मला अजून राग येतो. यिर्मयाचे शब्दही तितकेच कडक आहेत: तुम्ही भावाला स्वातंत्र्य दिले नाही, तर आता तलवार, मरी आणि दुष्काळ तुमच्यावर मोकळे सोडतो.

नगराचा तट त्याच्या ११व्या वर्षी, चौथ्या महिन्यात फुटला. राजा रात्री पळाला, यरीहोच्या मैदानात पकडला गेला. रिब्ला येथे त्याच्या डोळ्यांसमोर त्याचे मुलगे मारले, मग ते डोळेच काढले, आणि पितळी बेड्यांत त्याला बाबेलला नेले. महिन्याभराने मंदिर जाळले गेले.

मराठी मुलखाशी या गोष्टींचा काही संबंध आहे का?

एक खरा आणि जिवंत संबंध आहे. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांची घरची भाषा मराठी. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. अहाबाला मळ्यात अडवणारा एलीया या समाजाला विशेष जवळचा. तो खंडाळा गावी प्रकटला असे ते मानतात, आणि शुभकार्यात किंवा नवस फेडताना त्याच्या नावाने गोड पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा होतो.

हे सगळे वाचून आजच्या देशावर किंवा नेत्यावर आलेले संकट ‘देवाची शिक्षा’ म्हणता येईल का?

मी म्हणणार नाही. तो करार इस्राएलाशी होता, आणि घटनांचा अर्थ संदेष्ट्यांनी सांगितला, तोही स्वतःच्याच लोकांना, बहुधा तुरुंगात जाण्याची तयारी ठेवून. शिवाय यहुद्यांना नावे ठेवायला या गोष्टी वापरणे तर फारच वाईट. अश्शूरच्या राजांनी फक्त आपले विजय कोरले. इस्राएलाने आपल्या राजांची पापे स्वतः लिहिली, जपली आणि सभास्थानांत वाचली. असे करणारे लोक जगात थोडे.

राजाला विचारायचे प्रश्न मात्र तेच राहतात: भिस्त कोणावर, आणि नाबोथाचे काय केलेस?

वाचायला कुठून सुरुवात करावी?

पहिल्या ओवीपासून नको, नावांत अडकाल. आधी १ शमुवेल १५ आणि २ शमुवेल ११ ते १३ सलग वाचा, म्हणजे शौल आणि दावीद शेजारी येतील. मग १ राजे १२ आणि २१. त्यानंतर यिर्मया ३४ आणि ३६. एवढे झाले की २ राजे पूर्ण घ्या. राजांची यादी वहीत दोन रकान्यांत करा, डावीकडे इस्राएल आणि उजवीकडे यहूदा, कारण दोन्हीकडे यहोराम आहे, दोन्हीकडे अहज्या आहे, आणि तिथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो.